क्लॉथ मार्केटच्या पाच चकरा आणि घरभरचे पडदे

पडदे बदलायचं आमच्याकडे निघालं ते बाबांच्या कानांमुळे. बाबा म्हणजे माझे सासरे, वय ७८. गेल्या वर्षी दोन्ही कानांना मशीन लागली आणि आता सगळं नीट ऐकू येणार असं आम्ही धरूनच चाललो होतो, पण झालं असं की त्यांच्या खोलीत बसून बोललं की त्यांना व्यवस्थित कळायचं आणि हॉलमधे आले की परत "काय? काय म्हणालीस?" सुरू. मग हळूहळू ते हॉलमधे येऊन बसेनासेच झाले, चहा पण खोलीत मागवायला लागले. मला ते फार लागलं मनाला, कारण आमच्याकडे सगळ्या गप्पा, पाहुणे, भांडणं, रविवारचे पोहे-जिलबी, सगळं हॉलमधेच होतं आणि त्यात बाबा नाहीत म्हणजे काय.

मशीनचं सेटिंग बघायला गेलो तेव्हा तिथल्या मॅडमनी मला भलतेच प्रश्न विचारले. हॉलमधे खाली काय आहे? टाइल्स. वर? पीओपी. एका बाजूला? बाल्कनीचं काचेचं सरकतं दार, आठ फूट रुंद. सोफा? रेक्झिनचा. सतरंजी, गालिचा? काही नाही, आईंना म्हणजे सासूबाईंना धुळीचा त्रास म्हणून काढून टाकलाय. त्या म्हणाल्या मग आवाज घुमणारच, टाइलवरून काचेवर, काचेवरून भिंतीवर, आणि मशीन काही आपल्या कानासारखा निवडून ऐकत नाही, ते शब्दाबरोबर त्याचा घुमाराही मोठा करतं, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. खोलीत जाड, मऊ, भरपूर चुण्यांचं कापड लावा म्हणाल्या. घरी येऊन मी हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि खरंच, टाळीच्या मागे बारीक झणझण ऐकू आली. इतकी वर्षं त्याच हॉलमधे वावरतेय, कधी लक्षच गेलं नव्हतं. तुम्ही पण एकदा वाजवून बघा, नंतर बेडरूममधे गाद्या-उशांमधे उभं राहून वाजवा, फरक लगेच कळतो.

आता जुने पडदे कसे होते ते सांगते. आठ वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला तेव्हा सामान हलवायची घाई, मुलगी लहान, आणि दुकानदार म्हणाला "भाभीजी, पूरे घर में एक ही डाल दो, लुक आएगा", तर आम्ही घरभर एकच कापड लावलं, तपकिरी-सोनेरी चमकदार पॉलिस्टर जॅकार्ड. दुकानातल्या दिव्यांखाली फार देखणं दिसत होतं. हॉलमधे ते इतकं तंग शिवून दिलं की पडदा ओढला तर सपाट चादरीसारखा दिसायचा, चुणी म्हणून नाहीच. स्वयंपाकघरात तेच कापड सहा महिन्यांत चिकट झालं. आई-बाबांच्या खोलीत कूलरच्या दमट हवेने त्याला कुबट वास यायचा. मुलीच्या खोलीत वरच्या फटीतून ऊन थेट तिच्या डोळ्यांवर. कापड वाईट होतं असं मी म्हणणार नाही, आठ वर्षांत कुठे फाटलं नाही, पण चार खोल्यांची चार वेगळी कामं होती आणि आम्ही चौघींना एकच साडी नेसवल्यासारखं केलं.

म्हणून या वेळी मी दुकानात जायच्या आधी एक वही केली. प्रत्येक खिडकीसमोर दिवसातून तीनदा उभं राहायचं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि लिहायचं: ऊन कुठपर्यंत येतं, त्या वेळी खोलीत कोण असतं, खिडकी उघडी असते की बंद. सात-आठ दिवस केलं. त्यातून जे कळलं ते कुठल्या दुकानदाराने सांगितलं नसतं.

इंदूरचं ऊन जरा वेगळं आहे. कर्कवृत्त आपल्या वर उज्जैनजवळून जातं, आपण त्याच्या किंचित खाली, त्यामुळे जूनमधे दुपारी बाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाळ्यात ऊन असं येतच नाही. सगळे म्हणतात दक्षिणेला जाड पडदा लावा, पण का? दक्षिणेचं ऊन येतं ते डिसेंबर-जानेवारीत, सूर्य खाली कलतो तेव्हा, आणि ते तर हवंहवंसं असतं. खरा त्रास पश्चिमेचा. मे महिन्यात दुपारी तीन ते साडेसहा, बाहेर ४१-४२ डिग्री, आणि सूर्य सरळ काचेतून आत. उत्तरेच्या खिडकीला आपण ऊन नाही असं समजतो, पण मे-जून-जुलैत सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा तिरपं ऊन तिथेही येतं, थोडंसं. आमचा हॉल पश्चिमेला. म्हणजे बाबांच्या कानांचं आणि उन्हाचं, दोन्ही कामं त्या एकाच पडद्याने करायची होती.

पहिल्या दोन चकरा फुकट गेल्या. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट आणि त्याला लागून शीतलामाता बाजार, या भागात कापड बघायचं म्हणजे डोळे फिरतात, ताग्यावर तागे उलगडतात ते लोक, आणि ट्यूबलाइटखाली सगळेच रंग छान दिसतात. पहिल्यांदा मी हिरवा म्हणून पसंत केलेला तुकडा घरी आणला तर तो दिवसा राखाडी आणि रात्री पिवळ्या बल्बखाली शेवाळी. तेव्हापासून ठरवलं, नमुना घरी आणल्याशिवाय काही फाडायचं नाही. हातभर तुकडा देतात बरेच दुकानदार, नाही दिला तर अर्धा मीटर विकत घ्यायचा, पुढचं सगळं वाया जाण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. तो तुकडा त्याच खिडकीला पिनांनी लावून एक दिवस आणि एक रात्र ठेवायचा.

तिसऱ्या चकरेला काका आले बरोबर. काका म्हणजे बाबांचे मित्र, खालच्या मजल्यावर राहतात, इथल्या हुकुमचंद कापड मिलमधे लूमवर, म्हणजे मागावर होते. मिल १९९१ साली बंद पडली आणि कामगारांची थकलेली देणी मिळायला २०२३ उजाडलं, त्या मधल्या बत्तीस वर्षांत काकांनी काय काय कामं केली ते ते स्वतः फार सांगत नाहीत. पण कापड हातात आलं की त्यांची बोटं आपोआप चालायला लागतात. माझं माहेर मालवा मिलकडचं, लहानपणी भोंग्याची वेळ घरात सगळ्यांना पाठ असायची, तरी इतकी वर्षं मिलच्या गावात राहून कापड कसं बघतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते काकांनी एका दुपारी शिकवलं.

पहिलं म्हणजे खळ. कापडाचे दोन पदर एकमेकांवर जोरात चोळायचे, गडद कापड असेल तर पांढरी भुकटी दिसते. स्वस्त सुती कापडाला खळ भरून जाड आणि कडक केलेलं असतं, पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि हातात विरविरीत फडकं उरतं. काका म्हणाले, "सूनबाई, वजन सुताचं आहे की खळीचं, एवढं बघ. बाकी रंग काय, तुला आवडेल तो." दुसरं, दुकानाच्या दाराशी जाऊन कापड उजेडासमोर धरायचं, वीण सगळीकडे सारखी दाट आहे का बघायचं, कुठे दाट कुठे विरळ असेल तर लटकल्यावर तो भाग ओघळतो. तिसरं, मूठ आवळून मनात वीस अंक मोजायचे आणि सोडायचं. लिनन लगेच चुरगळतं आणि तसंच राहतं, पॉलिस्टर जसंच्या तसं होतं, सुती मधलं. चौथं, पांढरा रुमाल ओला करून रंगावर घासायचा. आणि धागा जाळून बघणं, ते मात्र घरी, ताटलीत. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांनी चुरडली जाते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, रेशमाला जळक्या केसांसारखा वास येतो. मी आणलेल्या एका "प्युअर कॉटन"चा उभा धागा राख झाला आणि आडव्याचा मणी झाला. म्हणजे उभा-आडवा दोन्ही धागे वेगवेगळे जाळायला हवेत, हे त्यातून कळलं. मिक्स कापड वाईट नसतंच, पण दुकानदाराने सांगायला तर हवं ना.

आता हॉल. मखमल घ्यावी असं आधी वाटत होतं, आवाज शोषायला ती उत्तम, पण मखमलीच्या लवेत धूळ बसते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ रोज येते, आईंना शिंका सुरू होतात. शेवटी घेतली जाड सुती दुसुती, मातकट रंगाची, आणि आतून म्हणजे काचेकडच्या बाजूला पांढऱ्या केसमेंटचं, म्हणजे साध्या सुती कापडाचं अस्तर. अस्तर पांढरंच का, तर काचेतून आलेलं ऊन ते थोडं तरी परत बाहेर फेकतं, गडद अस्तर तेच ऊन पिऊन तापतं आणि खोलीत सोडतं. अस्तरामुळे पुढच्या कापडाचा रंगही लवकर विटत नाही. पण एक खरं सांगते, ऊन एकदा काचेच्या आत आलं की पडदा कितीही जाड असला तरी थोडी उष्णता आत राहतेच, म्हणून बाल्कनीत बाहेरच्या बाजूला बांबूची चिक टाकली, दुपारी खाली सोडतो आणि संध्याकाळी गुंडाळतो. मला विचाराल तर पश्चिमेच्या दाराला आधी चिक आणि मग पडदा, पैसे कमी असतील तर फक्त चिक.

चुण्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण शिवणारे इथेच हात आखडतात आणि आपल्याला कळत नाही. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुतेक ४८ इंच असतो, काही ५४, आणि पातळ जाळीच्या कापडात मोठा ११० इंचांच्या आसपासचा पण मिळतो. आमचं दार ९६ इंच. दुप्पट कापड म्हणजे १९२, म्हणजे चार पन्हे. आम्ही अडीचपट घेतलं, २४० इंच, पाच पन्हे, म्हणजे अडीच-अडीच पन्ह्यांचे दोन पडदे. उंची पाइपापासून जमिनीपर्यंत ९० इंच, वर-खाली दुमडायला १२, झाले १०२ इंच, म्हणजे एका पन्ह्याला २.६ मीटर आणि पाचांना १३ मीटर. तेवढंच अस्तर. डिझाइनवालं कापड असेल तर अजून जास्त लागतं कारण फुलाला फूल जुळवावं लागतं, मोठ्या छापाचं कापड घेताना छाप किती इंचांनी परत येतो ते विचारा, नाहीतर प्रत्येक पन्ह्यामागे फूटभर कापड वाया. आवाजाच्या बाबतीत या चुण्याच काम करतात, सपाट ताणलेलं कापड फारसं शोषत नाही, तेच कापड घड्याघड्यांनी लटकलं की खूप शोषतं, आणि काचेला चिकटून नको, चार-सहा इंच पुढे हवं, म्हणून ब्रॅकेट लांब दांडीचे घेतले. आठ फुटी पाइपाला मधे एक ब्रॅकेट हवाच, नाहीतर एवढ्या वजनाने पाइप वाकतो.

आणि सुती कापड शिवायच्या आधी भिजवायचं म्हणजे भिजवायचंच. पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच इतकं आटू शकतं, ९० इंचांच्या पडद्यात म्हणजे तीन-चार इंच, पडदा जमिनीवरून वर उचलला जातो आणि घोट्यापर्यंतच्या पॅंटसारखा दिसतो. तेरा अधिक तेरा मीटर कापड आम्ही गच्चीवर टबात रात्रभर भिजवलं आणि सकाळी दोरीवर घातलं, शेजारच्या मुलांना वाटलं मांडव घालतायत. पडदे शिवणाऱ्या मास्टरजींना मी आधीच सांगितलं होतं की कापड धाग्यावर कापा. म्हणजे काय तर आडवा एक धागा ओढून काढायचा आणि त्या रेषेवर कात्री चालवायची, नाहीतर पडदा धुतल्यावर तिरका लोंबतो. रिंगा नेहमी सम संख्येत, आठ किंवा दहा, म्हणजे दोन्ही कडा एकाच दिशेला वळतात. हे मास्टरजींना माहीतच होतं पण मी विचारलं म्हटल्यावर ते खूश झाले.

पडदे लागले त्या संध्याकाळी मी परत टाळी वाजवली. झणझण पूर्ण गेली नाही, पण टाळी आता टाळीसारखी वाजली, मागची शेपटी गेली. जाड कापड बारीक, टोकदार आवाज चांगला शोषतं, स, श, क, त असल्या अक्षरांचा घुमारा, आणि शब्द ओळखायला तीच अक्षरं तर लागतात. रस्त्यावरचे हॉर्न मात्र तसेच येतात, पडद्याने बाहेरचा आवाज बंद होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, त्याला काच आणि फटी बंद कराव्या लागतात. बाबांना आम्ही काही सांगितलं नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून मला विचारत होती की उद्या डब्यात काय, आणि हॉलमधून बाबा म्हणाले, "कांद्याची थालीपीठं कर म्हणावं." मी दोन मिनिटं तशीच उभी राहिले, हातात कणकेचा गोळा.

आई-बाबांच्या खोलीचा पडदा आईंनी स्वतः निवडला. ती खोली उत्तरेची, आणि आईंना एसी सोसत नाही म्हणून एका खिडकीत कूलर. कूलरच्या खोलीचं गणित लोक विसरतात, कूलर बाहेरची हवा आत ढकलतो तर ती बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी लागते, आणि त्या खिडकीला जाड पडदा असेल तर हवा अडते, खोली दमट होते, कापडाला वास येतो. म्हणून तिथे हवा आरपार जाईल असं पातळ सुतीच. मृगनयनीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या हातमाग-हस्तकलेच्या दुकानात, आईंना बाग प्रिंट दिसलं आणि विषय संपला. धार जिल्ह्यातलं बाग नावाचं गाव, तिथे बाघिनी नदीकाठी लाकडी ठशांनी छापतात, लाल रंग तुरटी आणि अलिझरीनचा, काळा गंजलेल्या लोखंडाचा. २००८ मधे त्याला जीआय टॅग, म्हणजे त्या गावची खास वस्तू असल्याची सरकारी नोंद, पण मिळालाय. आईंचं म्हणणं, "असला लाल दुसरीकडे कुठे मिळतो?" आणि खरंच नाही मिळत. असले रंग पश्चिमेच्या उन्हात मी कधीच टांगले नसते, उत्तरेला मात्र निवांत राहतील. छापताना ते कापड कितीदा तरी धुतात, उकळतात, तरी आम्ही भिजवलंच. पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा चार बोटंच खाली ठेवला, कूलरचं पाणी भरताना ओला होत नाही आणि आईंना एकटीने काढून धुता येतो, त्यांना ते महत्त्वाचं होतं.

मुलीची खोली पूर्वेची. मे महिन्यात पावणेसहाला ऊन आत, आणि ती अकरावीत, रात्री बारा-साडेबारापर्यंत अभ्यास. ती म्हणाली आई मला ब्लॅकआउट हवाय, पूर्ण काळोख. ब्लॅकआउट दोन तऱ्हेचे असतात. एकात कापडाच्या मागे लेप असतो, पांढरा-काळा-पांढरा असे तीन थर, त्याला दुकानात थ्री-पास म्हणतात. काळोख एकदम पक्का, पण लेपाच्या बाजूने गरम इस्त्री चालत नाही, पिळता येत नाही, वर्षानुवर्षं घड्या पडल्या की तडकतो, आणि शिलाईच्या प्रत्येक टाक्यातून उजेडाचा बारीक ठिपका दिसतो. दुसऱ्यात लेप नाही, विणतानाच मधे काळा धागा घातलेला असतो, कापड मऊ, सुंदर पडतं, धुता येतं, पण काळोख शंभर टक्के नाही. मी दुसरं घेतलं. ती रुसली थोडी. पण शाळा साडेसातची, अगदी भुयारासारखा काळोख केला तर तिला उठवायला रोज मलाच युद्ध करावं लागेल, आणि सकाळचा थोडा उजेड डोळ्यांवर पडून जाग येणं चांगलं असं मला मनापासून वाटतं. फरक कापडाने पडला त्यापेक्षा जास्त पाइपाने पडला, आधी पाइप खिडकीएवढाच होता, आता दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच जास्त आणि वर सहा इंच, त्यामुळे कडेच्या फटींतून येणारी उन्हाची पट्टी गेली.

आमच्या खोलीचं थोडक्यात, दक्षिण. पातळ पांढरी खादी, अस्तर नाही, हिवाळ्यातलं ऊन गाळून पलंगापर्यंत येतं. फक्त एक, पातळ पडदा दिवसा आडोसा देतो आणि रात्री आत दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं. स्वतः खाली जाऊन बघितलं तेव्हा पटलं. म्हणून डबल पाइप आणि मागे एक साधं जाड केसमेंट, ते फक्त रात्री ओढायचं.

स्वयंपाकघरात मी कापडच लावलं नाही. खिडकी गॅसपासून दीड हातावर आहे, वाऱ्याने उडून पडदा बर्नरपर्यंत येऊ शकतो, पॉलिस्टर पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं आणि सुती भरभर जळतं. शिवाय पॉलिस्टर तेलाची वाफ धरून ठेवतं, फोडणीचा थर त्यातून निघता निघत नाही, हे आठ वर्षं बघितलंय. खालच्या काचेला दुधी फिल्म चिकटवली, वरची काच मोकळी. ज्यांची खिडकी गॅसपासून लांब आहे त्यांनी आखूड सुती पडदा लावावा, गरम पाण्यात धुता येतो.

धुण्याचं पण ठरवून टाकलं. आठवड्याला ब्रशने झटकायचे, हॉलचे दुसुतीचे वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीच्या आधी, बाकीचे दोन-तीन महिन्यांनी. पावसाळ्यात जड सुती धुवायचंच नाही, वाळत नाही आणि काळे ठिपके पडतात, एकदा पडले की जात नाहीत.

राहिलं देवघर. पॅसेजमधे तीन फूट रुंद, पाच फूट उंच असा कोनाडा आहे आणि तिथे काय लावावं यावर मी खरंच अडले होते, दोन चकरा त्याच्यासाठी झाल्या, टिश्यू बघितलं, ऑर्गेंझा बघितलं, सगळं लग्नाच्या हॉलसारखं दिसत होतं. मग एका दुपारी आईंनी कपाटातून त्यांची महेश्वरी काढली. लग्नानंतर पहिल्या वर्षी बाबांनी महेश्वरहून आणलेली, अंजिरी, चटईच्या काठाची. इतकी वर्षं एकाच घडीवर ठेवल्यामुळे पदराकडे घडीच्या रेषेवर विरली होती, रेशमाचं असंच होतं, घड्या बदलत राहाव्या लागतात. नेसता येणार नव्हतीच. मी म्हटलं, "आई, नको, राहू दे, कापायची नको." त्या म्हणाल्या, "कपाटात अजून विरेल गं ती. इथे रोज दिसेल तरी."

त्या म्हणत होत्या ते बरोबरच होतं. महेश्वरीत ताणा म्हणजे उभा धागा रेशमाचा आणि बाणा म्हणजे आडवा सुताचा, उन्हाने रेशीम फार लवकर कमजोर होतं म्हणून खिडकीला तिने दोन उन्हाळेसुद्धा काढले नसते, पण पॅसेजमधे ऊन येतच नाही. मागून मलमलीचं अस्तर दिलं म्हणजे ओढाताण तिच्यावर येणार नाही. पाच-साडेपाच मीटरमधून धड भाग साडेतीन मीटर निघाला, बरोब्बर दोन पडदे, आणि साडीचे काठ लांबीला असतात त्यामुळे दोन्ही पडद्यांच्या कडांना चटईचा काठ उभा आला. समईजवळ कापड नको म्हणून दिवा असेपर्यंत पडदे बाजूला बांधलेले असतात, दिवा शांत झाल्यावरच ओढायचे. रिंगा मात्र स्टीलच्या नको वाटल्या, मारोठिया बाजारातून पितळेच्या बारीक कड्या आणल्या.

मास्टरजी कात्री घेऊन बसले तेव्हा आईंनी ती त्यांच्याकडून मागून घेतली आणि पहिला काप स्वतः दिला, धाग्यावर, अगदी सरळ. मग काही न बोलता कात्री परत दिली आणि चहा टाकायला गेल्या.

काल रात्री त्यांनी समई शांत करून पडदा ओढला तशा त्या कड्या दांडीवर किणकिणल्या, आणि हॉलमधून बाबांचा आवाज आला, "अगं, नऊ वाजले का इतक्यात?"